दासी, कुणबीण, गुलाम : जोतीरावांच्या अर्पणपत्रिकेच्या निमित्ताने

ग्रंथाची अर्पणपत्रिका सहसा कोणी वाचीत नाही. मातापिता, गुरुजन, क्वचित एखादा आश्रयदाता यांची नावे तेथे असावयाची आणि वाचकाने पान उलटून पुढे जावयाचे, असा संकेतच आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली तेव्हा हा संकेत त्यांनी मोडला. ग्रंथ मराठी, वाद पुण्याचा, प्रतिपक्षही घरचाच. अर्पणपत्रिका मात्र इंग्रजीत आहे आणि ती अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील सत्शील लोकांना उद्देशून आहे. कृष्णवर्णीयांना दास्यमुक्त करण्याच्या कामी त्या लोकांनी जो निरपेक्ष स्वार्थत्याग केला त्याबद्दलचा आदर जोतीराव तीत व्यक्त करतात. आपल्या देशबांधवांनी हा कित्ता गिरवून शूद्र बंधूंना ब्राह्मणी दास्यातून सोडवावे, अशी इच्छाही ते प्रकट करतात.

आपल्या समीक्षेत या अर्पणपत्रिकेचा उल्लेख वारंवार येतो. जोतीरावांची दृष्टी किती विशाल होती याचा पुरावा म्हणून ती उद्धृत करण्यात येते, आणि ते योग्यच आहे. परंतु एवढ्यावर थांबल्याने एक प्रश्न विचारावयाचा राहून जातो. अमेरिकेतील गुलामीचा शब्द उचलून मराठी समाजस्थितीला लावण्याची गरज जोतीरावांना का भासली? मराठीत दास्याला नावे नव्हती काय?

या प्रश्नाकडे मी इतिहासाच्या वाटेने आले नाही. भाषांतर करता करता त्याने मला अडविले. हॅरिएट जेकब्स या स्त्रीने १८६१ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मकथनाचे मराठी भाषांतर मी काही काळापासून करीत आहे. उत्तर कॅरोलिनामधील एका घरात ती गुलाम म्हणून वाढली. मालकाच्या पाठलागातून सुटण्यासाठी आजीच्या घराच्या माळ्यावर, धड उभे राहता येणार नाही अशा खबदाडात ती जवळजवळ सात वर्षे लपून राहिली आणि १८४२ मध्ये उत्तरेकडे निसटली. मालकाच्या घरात वाढलेल्या, मालकाच्या दृष्टीने त्याच्या इच्छेलाही बांधील असलेल्या स्त्रीची ही कहाणी आहे. तिच्या ग्रंथाच्या नावातच इंग्रजीतील गुलाम मुलगी असा शब्दप्रयोग येतो. त्या दोन शब्दांपाशी माझे काम कित्येक आठवडे खोळंबले, कारण कोणताही मराठी शब्द घेतला तरी तो आपला स्वतंत्र इतिहास बरोबर घेऊन येत होता.

'दासी' हा शब्द प्रथम सुचला आणि प्रथम बाद झाला. मराठी मनाने हा शब्द देवघरात नेऊन ठेवला आहे. नवविधा भक्तीत दास्याला स्थान आहे. संतांनी स्वतःला विठोबाचे दास म्हणविले. समर्थांच्या तर नावातच तो शब्द आहे. ज्या रायपुरात मी हे लिहीत आहे तेथे मराठीतून हिंदीत गेलेला सर्वांत सुप्रतिष्ठित ग्रंथ 'दासबोध' हाच म्हणावा लागेल. मराठी मातृभाषा असलेल्या आणि १९२६ साली याच गावी निवर्तलेल्या माधवराव सप्रे यांनी त्याचे हिंदी रूपांतर केले. 'गीतारहस्य'ही त्यांनीच हिंदीत नेले. दास हा शब्द असा एका भाषेतून दुसरीत जाताना तसूभरही अडखळत नाही, कारण दोन्हीकडे तो तितकाच पवित्र आहे.

जनाबाईचे उदाहरण तर याहून बोलके आहे. परंपरा सांगते ती अशी की गंगाखेडची ही पोर लहानपणीच नामदेवांच्या वडिलांच्या, दामाशेटींच्या घरी कामाला राहिली. दळण, कांडण, झाडलोट, धुणे हा तिचा आयुष्यभराचा व्यवसाय होता. अभंगाच्या अखेरीस ती स्वतःला नामयाची दासी म्हणविते. ही दासी शब्दशः दासी आहे, त्यात रूपक नाही. पण अभंगात विठ्ठल स्वतः तिच्याबरोबर जात्याला हात लावतो आणि त्या क्षणी तिचे दास्य देवाशी जडलेल्या नात्यात विरून जाते. काव्य म्हणून ही मोठी किमया आहे. तिचे मोल कमी करावे असे माझ्या मनातही नाही. तथापि भाषेच्या दृष्टीने झाले ते असे की राबणाऱ्या बाईसाठी असलेला शब्द भक्ताने उचलला, आणि राबणारी बाई शब्दावाचून राहिली. हॅरिएट जेकब्सला मी 'दासी' म्हटले तर मराठी वाचकाच्या मनात टाळ वाजू लागतील.

मग 'गुलाम'. अरबीत या शब्दाचा मूळ अर्थ मुलगा, पोरगा असा आहे. दख्खनमध्ये तो आला तेव्हा त्याच्याबरोबर एक वेगळीच संस्थाही आली. हबशातून पकडून आणलेला, हातोहात विकला गेलेला आणि अखेर अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने विकत घेतलेला एक मुलगा पुढे मलिक अंबर झाला. त्याने मोगलांना वर्षानुवर्षे झुंजविले, खडकी वसविली, आणि १६२६ मध्ये तो मरण पावला तेव्हा राज्याची सूत्रे त्याच्याच हाती होती. लष्करी गुलामीची ही तऱ्हा अमेरिकेच्या कापसाच्या मळ्यांवर कल्पनेतही येणारी नव्हती. तेथे गुलामाचा मुलगा गुलामच, आणि रंग हीच त्याची सनद. म्हणून 'गुलाम' म्हटल्याने मराठी वाचकाला अमेरिकेतील गुलामाची ओळख आपोआप पटत नाही. त्यातही हा शब्द मराठीत पुढे फार झिजला. पत्त्यांच्या जोडात चार गुलाम असतात. मुले गुलामचोर खेळतात. घरातील द्वाड पोराला कौतुकाने 'लेकाचा गुलाम' म्हणण्याची रीत होती. या शब्दावरचे रक्त केव्हाच वाळून गेले होते.

राहिले 'कुणबीण' आणि 'बटीक'. येथे मात्र आपण साहित्यातून बाहेर पडून दप्तरखान्यात येतो.

अठराव्या शतकातील पेशवाईच्या कागदपत्रांत कुणबिणींचे उल्लेख जागोजाग आढळतात. त्या विकत घेतल्या जात, विकल्या जात, बक्षीस दिल्या जात, लेकीच्या लग्नात आंदण म्हणून पाठविल्या जात. सरकारच्या कोठीत, पागेत, किल्ल्यांवर त्या कामाला असत. खाजगी घरांत त्यांची संख्या ही घराच्या इभ्रतीची खूण होती. कोणी दुष्काळात विकली गेलेली, कोणी स्वारीत धरून आणलेली. बदकर्माचा आरोप शाबीत झालेल्या बायकांना सरकार शिक्षा म्हणून कुणबीण करीत असे, हे तर विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. म्हातारपणी किंवा बदली दुसरी बाई अथवा पैसा भरून सुटका झाल्याचीही उदाहरणे सापडतात. या सामग्रीवर जपानी इतिहासकार हिरोशी फुकाझावा यांनी इंग्रजीत एक चोख निबंध लिहिला आहे. मराठी समीक्षेच्या वर्तुळात त्याची चर्चा माझ्या ऐकण्यात फारशी आलेली नाही. आपल्या घरातील अडगळीची खोली परक्याने उघडून दाखवावी तसे ते झाले आहे.

कुणबीण या शब्दाकडे नीट पाहावे. मोल्सवर्थच्या कोशात त्याचे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी दिलेले आहेत : कुणब्याची स्त्री, आणि विकत घेतलेली दासी. शेतकरी जातीच्या स्त्रीचे नाव हेच गुलाम स्त्रीचेही नाव व्हावे, यात त्या काळच्या समाजाने काय गृहीत धरले होते ते सारे येते. बाजारात येणारी प्रत्येक बाई जन्माने कुणबीच होती असे नव्हे. विकत घेणाऱ्याच्या लेखी राबणारी बाई आणि कुणब्याची बाई यांत भेद करण्याचे कारण नव्हते, एवढाच त्याचा अर्थ. पुढे इतिहास बदलला. कुणबी समाजाने आपले नाव मानाने मिरविले आणि कुणबीण या शब्दाचा दुसरा अर्थ लोकांच्या जिभेवरून गेला. ही गोष्ट चांगलीच झाली. पण त्यामुळे भाषांतरकाराची पंचाईत होते. ऐतिहासिकदृष्ट्या सर्वांत अचूक असलेला शब्द आज वापरला, तर एका जिवंत समाजाच्या स्त्रियांचा निष्कारण अवमान होईल. तो मी वापरणार नाही हे तेव्हाच ठरले. तरीही तो सोडताना आपण एक पुरावा पुसून टाकीत आहोत ही रुखरुख राहिलीच.

बटीक हा शब्द अधिक टिकला, तो भांडणात. 'मी काय तुमची बटीक आहे?' हा प्रश्न मी लहानपणी आमच्याच घरात कितीदा तरी ऐकला आहे. विचारणारी कधी आजी असे, कधी काकू. त्यांतल्या कोणीही बटीक पाहिलेली असण्याचा संभव नव्हता. पण आपण जी नाही असे बजावून सांगावयाचे ती कोण, हे त्यांच्या बोलण्याला ठाऊक होते. दासीच्या पोटच्या मुलाला 'लेकवळा' म्हणत. अनौरस संततीसाठी 'अक्करमाशी' हा शब्द होता. बारा मासे वजनाचा तोळा पुरा, अकरा माशांचा उणा, असा तो हिशेब. शरणकुमार लिंबाळे यांनी १९८४ मध्ये तो शब्द आपल्या आत्मकथनाच्या शीर्षस्थानी ठेवला तेव्हा कोशात निपचित पडलेला शब्द बोलू लागला.

वाचकांच्या ध्यानात आलेच असेल की मराठीत दास्याच्या शब्दांची वाण नव्हती. वाण होती ती त्या शब्दांना एकत्र गोवून 'ही एक व्यवस्था आहे, ती कोणी तरी निर्माण केली आहे आणि ती मोडता येते' असे म्हणणाऱ्या शब्दाची. दासी देवाची झाली होती, कुणबीण घराच्या चार भिंतींत होती, बटीक शिवीत होती, गुलाम पत्त्यांत होता. जोतीरावांनी यांतील सर्वांत झिजलेला शब्द घेतला आणि त्याच्या भाववाचक रूपाला अमेरिकेच्या यादवी युद्धाचे वजन बांधले. शिपाईगिरी, मुलूखगिरी, तशी गुलामगिरी. 'गिरी' लागले की तो धंदा होतो, करणाराही असतो आणि करवून घेणाराही. 'दास्य' म्हटले असते तर करवून घेणारा दिसलाच नसता. अर्पणपत्रिका अमेरिकेला का, याचे माझ्या समजुतीप्रमाणे हे उत्तर आहे. जी संस्था कायद्याने, युद्धाने, साऱ्या जगाच्या डोळ्यांदेखत आठच वर्षांपूर्वी मोडली गेली होती, तिचे नाव घेतल्यावाचून घरच्या संस्थेचे मोडणे कल्पनेत येण्यासारखे नव्हते.

ही बातमी महाराष्ट्रात कोणत्या वाटांनी आली? एक वाट मिशनऱ्यांची होती. बोस्टनच्या मंडळाने पाठविलेले धर्मोपदेशक १८१३ पासून मुंबईत आणि १८३१ पासून अहमदनगरात होते. 'ज्ञानोदय' १८४२ मध्ये नगरला निघाले. सिंथिया फॅरर बाईंच्या मुलींच्या शाळेने जोतीरावांना प्रेरणा दिली हे सर्वविश्रुत आहे. मात्र हे बोस्टनचे मंडळ स्वदेशात गुलामीच्या प्रश्नावर इतके चाचरत होते की कंटाळलेल्या विरोधकांनी १८४६ मध्ये वेगळी संस्थाच काढली. दुसरी वाट कापसाची. १८६१ मध्ये युद्ध जुंपले, अमेरिकेचा कापूस लँकेशायरला पोचेनासा झाला, आणि खानदेश, वऱ्हाड, हिंगणघाट येथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपले तसा भाव कोसळला. मुंबईत शेअरबाजाराचे दिवाळे निघाले. तेजीत काढलेली कर्जे मात्र रयतेच्या मानेवर राहिली, आणि १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांत सावकारांची खतपत्रे जळाली त्यात या कर्जांचाही वाटा होता. व्हर्जिनियातील गुलाम सुटल्याचा पहिला स्पर्श मराठी शेतकऱ्याला असा भावाच्या चढउतारातून झाला. 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणाऱ्या लेखकाला हे अनुभवाने कळत होते, असे मानण्यास हरकत नाही.

पण अमेरिकेची ही बातमी अपुरी होती. अर्पणपत्रिकेत दात्यांचे आभार आहेत, सुटलेल्यांचे नाव नाही. त्या काळी पुण्यात पोचलेले चित्रच बहुधा तसे होते : भल्या गोऱ्या लोकांनी करुणेने बेड्या तोडल्या. आज आपणांस अधिक ठाऊक आहे. १७३९ मध्ये दक्षिण कॅरोलिनात स्टोनो नदीकाठी गुलामांनी शस्त्रे उचलली. १८२२ मध्ये चार्ल्सटनला डेन्मार्क व्हीसीचा कट उघडकीस आला. १८३१ मध्ये व्हर्जिनियात नॅट टर्नरने बंड केले. त्या सुमारास दक्षिणेतील अनेक राज्यांनी गुलामांना अक्षर शिकविणे गुन्हा ठरविले. युद्ध सुरू झाल्यावर १८६१ च्या मे महिन्यात तीन गुलाम रात्रीच्या वेळी होडीने मन्रो किल्ल्यावर उत्तरेच्या सैन्याकडे आले. त्यांना परत करावयाचे नव्हते, पण मुक्त म्हणण्याची तर सोय नव्हती. तेव्हा सेनापती बटलर याने त्यांना शत्रूकडून जप्त केलेला माल ठरविले. मालच मानावयाचे तर मालासारखेच ठेवून घेऊ, असा हा पेच होता. मग शेकड्यांनी, हजारांनी लोक येत राहिले. सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय उत्तरेच्या फौजेत लढले. लिंकनचा १८६३ चा जाहीरनामा या पळून येणाऱ्या पावलांच्या मागोमाग आला, पुढे नव्हे. ड्यू बॉइस यांनी १९३५ च्या आपल्या ग्रंथात या पलायनाला सार्वत्रिक संप म्हटले आहे, आणि ते मला यथार्थ वाटते.

मग जोतीरावांची अर्पणपत्रिका भाबडी ठरते काय? मला तसे वाटत नाही. ती ज्यांना उद्देशून आहे ते अमेरिकन लोक वरवरचे निमित्त होते. खरा निरोप पुण्यातील इंग्रजी शिकलेल्या वर्गाला होता : बघा, मालकांच्याच जातभाईंनी स्वार्थावर पाणी सोडले, तुम्ही काय करणार? हा प्रश्न इंग्रजीत विचारला आहे, कारण ज्यांना विचारावयाचा ते इंग्रजी वाचणारे होते. प्रत्यक्ष ग्रंथ मराठीत आहे, आणि तेथे मालकाच्या करुणेची वाट पाहिलेली नाही. जोतीराव आणि धोंडिबा यांच्यातील सोळा भागांचा तो संवाद आहे. धोंडिबा शंका विचारतो, जोतीराव एकेका अवताराची कथा उलगडून तिच्या आत दडलेली जिंकणाऱ्याची आणि जिंकलेल्याची गोष्ट दाखवितात. त्यांची व्युत्पत्ती आज कोणी शास्त्र म्हणून मान्य करणार नाही. जुन्या टीकाकारांनी तिच्यावर यथेच्छ तोंडसुख घेतले. परंतु फ्रेडरिक डग्लसने १८४५ च्या आत्मकथनाला जी पुरवणी जोडली, तिच्यात ख्रिस्ताचा धर्म आणि गुलामांच्या मालकांचा धर्म यांत त्याने जी उभी चीर पाडली, ती वाचल्यावर 'गुलामगिरी'चे अंतरंग निराळे दिसू लागते. जोतीरावांनी डग्लस वाचला होता असे मी सुचवीत नाही. बंधनात ठेवलेला माणूस प्रथम आपल्या बंधनाची पवित्र गोष्ट तपासावयास घेतो, एवढेच या दोन ग्रंथांत सारखे आहे. मराठी प्रस्तावनेत जोतीराव अमेरिकेतील गुलामांचे हाल आणि ताटातूट झालेल्या कुटुंबांच्या पुनर्भेटीचा आनंद यांचे वर्णन करतात. तो आनंद आमच्या शूद्रातिशूद्रांवाचून कोणाला नीट कळणार नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. अर्पणपत्रिकेत न आलेला गुलाम त्या ओळींत येतो, आणि येताना तो धोंडिबाच्या ओळखीचा होऊन येतो.

एका गोष्टीचे मात्र मला राहून राहून आश्चर्य वाटते. 'गुलामगिरी' निघाली तेव्हा पुण्यातील कुणबिणींची पिढी पूर्ण सरलेली नसणार. कंपनी सरकारने गुलामीचा कायदा केला तो १८४३ मध्ये. त्या वर्षी वीस वर्षांची असलेली बाई १८७३ मध्ये पन्नाशीत होती. तरीही विकत घेतलेली ही बाई ना त्या ग्रंथाच्या मध्यभागी आहे, ना तिच्या बाजूने बोलणारे एखादे स्वतंत्र मराठी पुस्तक त्या काळात मला आढळले आहे. याचे कारण जोतीरावांत शोधण्यापेक्षा त्या कायद्यात शोधणे अधिक न्याय्य होईल.

१८४३ चा पाचवा कायदा अवघ्या चार कलमांचा आहे. सरकारी अंमलदाराने हुकूमनाम्याच्या किंवा साऱ्याच्या वसुलीसाठी माणूस विकू नये, माणसावरील मालकीचा हक्क न्यायालयाने बजावून देऊ नये, गुलाम म्हणून कोणाची स्वकष्टार्जित मिळकत हिरावू नये, आणि स्वतंत्र माणसाच्या बाबतीत जो गुन्हा तो गुलामाच्या बाबतीतही गुन्हाच मानावा. 'तुम्ही सुटलात' असे यात कोणालाही म्हटलेले नाही. ज्याला ठाऊक होते त्याने न्यायालयात जावे, ज्याला ठाऊक नव्हते त्याने राबत राहावे. ब्रिटनने आपल्या वसाहतींतील मालकांना २ कोटी पौंड मोजले. ते निंद्य होते खरे, पण पैसा मोजावयाचा म्हणून याद्या झाल्या आणि यादीत गुलामांची नावे आली. येथे कोणाला काही द्यावयाचे नव्हते, म्हणून मोजावयाचेही नव्हते. रायपूर तर त्या वर्षी कंपनीच्या मुलखात नव्हतेच. छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता आणि हा कायदा येथे पोचण्यास १८५४ चे खालसा होणे घडावे लागले. माणसाची गुलाम म्हणून खरेदीविक्री हा सर्वत्र गुन्हा झाला तो १८६० च्या दंडसंहितेने. अमेरिकेत १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामी रद्द केली, पण गुन्ह्याच्या शिक्षेचा अपवाद ठेवला. त्या फटीतून हजारो सुटलेले लोक कैदी होऊन पुन्हा मळ्यांवर आणि खाणींत गेले. पेशवाईत शिक्षा म्हणून कुणबीण झालेल्या बाईची आठवण येथे होते.

कायद्याचे हे दोन रस्ते साहित्यातही दोन परिणाम करून गेले. अमेरिकेत मुक्तीच्या चळवळीला साक्षीदार हवे होते. सभांतून पळून आलेले गुलाम उभे राहिले आणि त्यांची कथने छापली गेली. डग्लस, जेकब्स हे त्या मागणीतून लेखक झाले, आणि त्या मागणीला पुरून उरले. आपल्याकडे गुलामी कागदावरच्या कागदावर विझली, साक्षीची गरज कोणालाच भासली नाही. विरोधाभास असा की हिंदुस्थानातील गुलामीच्या कायद्यावर आणि चालीरीतींवर विल्यम ॲडम यांचे पुस्तक १८४० मध्ये निघाले ते बोस्टनला. जोतीरावांनी अमेरिकेला ग्रंथ अर्पण करण्याच्या तेहेतीस वर्षे आधी अमेरिकन वाचकाच्या हाती आमच्या गुलामांची हकीकत होती. आमच्या हाती नव्हती.

पुढील कहाणी परिचित आहे, ती लांबवीत नाही. डॉ. आंबेडकरांनी कोलंबियात शिक्षण घेतले, अस्पृश्यता आणि गुलामी यांची तुलना करून अस्पृश्यता अधिक वाईट असा निर्णय दिला, आणि १९४६ मध्ये ड्यू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रसंघाकडील अर्जाची प्रत मागविली. यात करुणावान दात्यांना केलेले आवाहन नाही. जे स्वतः झगडत होते त्यांच्याशी केलेला तो व्यवहार आहे. म. ना. वानखडे अमेरिकेत शिकून आले आणि तेथील कृष्णवर्णीयांच्या साहित्याकडे त्यांनी दलित लेखकांचे लक्ष वेधले. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली. जनार्दन वाघमारे यांचा ग्रंथ त्यानंतर आला. तुलनेची ही परंपरा आता शंभर वर्षांहून जुनी आहे. तिच्यात जात आणि वर्ण यांचा विचार भरपूर आहे, विकत घेतलेल्या बाईचा फार थोडा.

रायपूरच्या आसपासच्या खेड्यांत शेतावर वर्षाच्या बोलीने राहणाऱ्या गड्याला 'कमिया' म्हणतात. आमच्या ओळखीच्या एका वृद्ध गृहस्थाने बोलता बोलता सांगितले की त्याचे वडील उचल घेऊन कमिया लागले आणि लागलेलेच राहिले. हे सांगताना त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. 'पाऊस लागला' म्हणावे तसे ते होते. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याच्या व्याख्येत देशभरच्या अशा संज्ञांची लांबलचक यादी आहे : बारमासिया, हाली, जीता, कमिया, वेट्टी आणि आणखी कितीतरी. विधिमंडळाला प्रथमच येथे कळले असावे की एका शब्दाने काम भागणार नाही. बाईसाठी वेगळा शब्द मात्र त्या यादीत मला दिसला नाही.

हॅरिएट जेकब्सच्या ग्रंथाच्या नावात अखेर मी 'बटीक' घातले आहे. आजीच्या तोंडचा तो नकार मला त्या बाईच्या जवळचा वाटला. मूळ इंग्रजीतील मुलीचे वय त्यात येत नाही, ते पहिल्या प्रकरणात येईल. पुस्तकाच्या शेवटाकडे मात्र अडखळावे लागले नाही. १८५२ साली न्यूयॉर्कमधील तिच्या मालकिणीने, जी तिची हितचिंतक होती, ३०० डॉलर मोजून तिला जुन्या मालकाच्या वारसांकडून सोडविले. स्वातंत्र्य मिळाले, पण आपण पुन्हा एकदा विकल्या गेलो आणि त्याचा कागदही झाला, याचा सल जेकब्सने झाकून ठेवलेला नाही. त्या कागदाला मराठीत काय म्हणावे यासाठी मला कोश उघडावा लागला नाही. आपल्या जुन्या दप्तरांत जमिनीसाठी, जनावरासाठी आणि कुणबिणीसाठीही व्यवहाराचा तोच एक शब्द चालत आला आहे : खरेदीखत.